गुडघा बदलला, आता खालची उशी काढा: ऑपरेशननंतर या चुका टाळा

मी फिजिओथेरपिस्ट. गुडघेबदलाच्या ऑपरेशननंतर पेशंटच्या घरी व्यायाम घ्यायला पहिल्यांदा गेले की मी आधी चादर वर करून बघते. गुडघ्याखाली बहुतेक वेळा काहीतरी असतंच. कधी उशी, कधी लोड, एकदा तर नीट घडी घातलेली नऊवारी होती. ठेवणाऱ्याच्या मनात माया असते, आणि गुडघा जरासा वाकलेला ठेवला की दुखणं खरोखर कमीही होतं. पण रात्रंदिवस तसाच राहिला तर मागचे स्नायू आणि सांध्याभोवतीचं आवरण आखडतं. मग पाय पूर्ण सरळ होत नाही, माणूस लंगडतो आणि काही महिन्यांनी कंबर धरून येतो. उशी हवीच असेल तर टाचेखाली ठेवा. गुडघा अधांतरी राहू दे, पाच-दहा मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. ताण बसेल, तोच हवा आहे.

गंमत म्हणजे सरळ किती झाला हे कुणी विचारत नाही. सगळे विचारतात, "किती वाकला?" आणि पाठोपाठ, "शेजारच्या काकांचा तर आठवड्यात वाकला होता." ऑपरेशनआधी गुडघा किती वाकत होता, त्यावर नंतरचं बरंच अवलंबून असतं, त्यामुळे काकांना सोडून द्या. साधारण दोन आठवड्यांत 90 अंश आणि तीन महिन्यांत 110 ते 120 अंश, एवढा अंदाज धरा. साध्या खुर्चीतून नीट उठायला 90च्या थोडं पुढे लागतं. खाली मांडी घालायची घाई नको, सर्जनला विचारल्याशिवाय तर नकोच.

"मी रोज भरपूर चालते की!"

चालणं चांगलंच, पण ते व्यायामाची जागा घेत नाही. सांध्याला सूज आली की मांडीच्या पुढच्या स्नायूला मेंदूकडून जाणारा हुकूम क्षीण होतो. स्नायू असतो, पण झोपलेला. त्याला उठवल्याशिवाय नुसतं चालत राहिलं तर पाय दुमडतो आणि सूज आणखी वाढते. त्यासाठी गुडघ्याखाली टॉवेलची घडी घ्या, ती खाली दाबा, पाच आकडे मोजा, सोडा. असं दहा वेळा. (हो, आत्ताच उशी काढायला सांगितली. टॉवेल व्यायामापुरता, झाला की बाजूला.)

किती व्यायाम जास्त झाला, हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं. गुडघा कालच्यापेक्षा फुगलेला दिसला तर बंद करू नका, निम्मा करा. तीन दिवस काहीच नाही आणि चौथ्या दिवशी मुलगा घरी आहे म्हणून तासभर, ही पद्धत सगळ्यात वाईट.

दुखण्याच्या गोळीचंही तसंच. "किडनी खराब होते" म्हणून गोळी टाळायची आणि मग दुखतं म्हणून व्यायाम टाळायचा. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी बसेल अशी वेळ ठरवा. किडनीचा त्रास खरंच असेल तर सर्जनला सांगा, ते औषध बदलून देतील. मनाने बंद करू नका.

तेल, शेक आणि मशीन

जखमेवर तेल चोळू नका, सुरुवातीच्या आठवड्यांत गरम शेकही नको. बर्फ कापडात गुंडाळून 15-20 मिनिटं ठेवा. गुडघा काही महिने कोमट लागतो, व्रणाच्या बाहेरच्या बाजूला बधीर वाटतं. त्याला घाबरू नका.

"आज मशीन लावलं नाही, मग फी कसली?" हेही मी ऐकलंय. मशीन पाय वाकवून देतं, स्नायूला काम करायला लावत नाही.

काठी ऑपरेशनच्या पायाच्या उलट हातात धरायची. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा.

आणि टाके निघाले की फिजिओ बंद करणारी घरं! खरं काम तिथून पुढे असतं. आत तयार होणारी चिवट ऊती दिवसेंदिवस घट्ट होत जाते. गुडघा अडकलाच तर भूल देऊन वाकवावा लागतो, आणि तो उपायही पहिल्या तीनेक महिन्यांतच नीट लागू पडतो.

पाण्याचा तांब्या हातात देणं थांबवा. टेबलावर ठेवा, त्यांना वॉकर घेऊन तिथवर जाऊ द्या. सोबत चाला, धरू नका.

मात्र पोटरी अचानक सुजून दुखू लागली, ताप आला किंवा जखमेतून पाणी यायला लागलं, तर व्यायाम थांबवून आधी सर्जनला फोन करा, माझ्या पुढच्या फेरीची वाट बघू नका. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर फोनातही वेळ घालवू नका, सरळ कॅज्युअल्टी गाठा.