जर्मनीत घरचे इंटरनेट घेण्यापूर्वी

जर्मनीत नोकरीसाठी आलेली आपली मंडळी बहुधा पहिल्याच आठवड्यात, व्हॉट्सॲप गटात कुणीतरी टाकलेल्या लिंकवरून, इंटरनेटचा करार करून मोकळी होतात. त्या लिंकमागे पाठवणाऱ्यालाही चार युरो सुटतात. त्याचा सल्ला खोटा नसतो, पण तो त्याच्या इमारतीपुरता खरा असतो.

म्हणून कंपनी निवडण्याआधी आपल्या घरात कोणती तार येते ते पाहावे. डीएसएलमध्ये, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरील इंटरनेटमध्ये, पदपथावरच्या करड्या पेटीपासून घरापर्यंतची तांब्याची जोडी केवळ तुमची असते. मात्र ती जितकी लांब, तितका वेग कमी. टीव्हीच्या केबलवरील जोडणी आसपासच्या घरांत वाटली जाते आणि संध्याकाळी मंदावू शकते. शिवाय जाहिरातीत 1000 मेगाबिट ठळक छापलेले असले, तरी केबलवर अपलोड, म्हणजे आपल्याकडून बाहेर माहिती पाठवण्याचा वेग, साधारण 50 च मिळतो, आणि 100 च्या डीएसएलवरही तो 40 पर्यंत असतो. घरून काम करणाऱ्याने हाच आकडा आधी वाचावा. करारापूर्वी मिळणाऱ्या माहितीपत्रकात किमान, सर्वसाधारण आणि कमाल असे तीन वेग दिलेले असतात. विक्रेता फक्त तिसरा सांगतो. इमारतीत फायबर, म्हणजे काचेच्या तंतूंची तार, असेल तर फार विचार न करता तेच घ्यावे.

आता सर्वांत महाग पडणारी गोष्ट. तात्पुरत्या घरात राहत असताना 24 महिन्यांचा करार करू नका. घर बदलल्यावर कंपनी नव्या पत्त्यावर ती सेवा देत असेल, तर करार तुमच्या मागोमाग येतो. देत नसेल तरच एका महिन्याच्या सूचनेने सुटका होते. ऑनलाइन, फोनवर किंवा दारात केलेला करार 14 दिवसांत मागे घेता येतो. दुकानात बसून सही केली की ती सवलत नाही, आणि आपले लोक ‘समोरासमोर बोललेले बरे’ म्हणून नेमके दुकानातच जातात. कमाल 12 महिन्यांचा करारही कंपनीला देऊ करावाच लागतो. तो मागून घ्यावा, थोडा महाग असला तरी. पुन्हा सांगतो, कायमचा पत्ता मिळेपर्यंत मोबाइलच्या प्रीपेड डेटावर भागवावे.

तंत्रज्ञ येण्याची वेळ सकाळी 8 ते दुपारी 12 अशी ढोबळ मिळते. दारावरच्या घंटीपाशी आधीच्या भाडेकरूचे नाव राहिले असेल, तर तो घंटी न वाजवता परत जातो आणि पुढची तारीख कित्येक आठवड्यांनंतरची मिळू शकते. घंटीवर आणि टपालपेटीवर करारातले आडनाव आदल्या दिवशीच चिकटवून ठेवावे.