दोन भूमिकांच्या मधला काळ

अभिनयात येऊ पाहणारी मुले-मुली भेटायला येतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुधा ‘कुठे शिकावे’ हा असतो आणि दुसरा, जरा आवाज खाली आणून विचारलेला, ‘ओळख लागते का’ हा. मराठी चित्रपट, मालिका आणि अधूनमधून एखादे हिंदी काम अशी चरित्र अभिनेत्याची वाटचाल करताना मला तिसराच प्रश्न अधिक मोलाचा वाटत आला आहे: एक भूमिका संपली, दुसरी अजून मिळालेली नाही, अशा काळात घर कशावर चालणार? नटाच्या आयुष्याचा मोठा भाग याच काळाने व्यापलेला असतो, तेव्हा त्याची तजवीज आधी करावी.

शिक्षणाबद्दल थोडक्यात सांगतो. पुण्यात प्रभात फिल्म कंपनीच्या जागेवर १९६० मध्ये सुरू झालेली फिल्म इन्स्टिट्यूट, दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय, पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र यांपैकी कुठे प्रवेश मिळाला तर जरूर घ्यावा. न मिळाल्यास महाविद्यालयाच्या एकांकिका आहेतच. पुरुषोत्तम करंडक ही महाविद्यालयांची एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे आणि त्या मांडवाखालून गेलेले नट आज सर्वत्र दिसतात. माझा कल, खरे सांगायचे तर, एकांकिकांकडेच अधिक आहे, कारण तिथे नेपथ्य उचलण्यापासून समोरच्याचा विसरलेला संवाद सांभाळून घेण्यापर्यंत सगळेच अंगावर पडते.

पोटापाण्याचा प्रश्न मोठमोठ्यांनाही चुकला नाही. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक होते आणि वैद्यकी सांभाळून नाटके करत करत, चाळिशी उलटल्यावर, १९६९ मध्ये पूर्णवेळ नट झाले. निळू फुले यांनी पुण्याच्या सैन्यदल वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केले, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात उमेदवारी केली आणि १९६८ मध्ये त्यांचा पहिला चित्रपट आला तेव्हा त्यांचीही चाळिशी जवळ आली होती. अशोक सराफ स्टेट बँकेत नोकरी करून नाटकांत कामे करत. ‘आधी नोकरी सोडतो, मग बघू’ असे म्हणणाऱ्यांनी ही उदाहरणे जरा निवांतपणे वाचावीत.

पूर्वी फोटोंचा अल्बम घेऊन निर्मात्यांच्या कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागत. आता कास्टिंगची, म्हणजे भूमिकांसाठी नट निवडणारी, बरीच कार्यालये अंधेरी पश्चिमेला, विशेषतः वर्सोव्याच्या आराम नगरात आहेत आणि पहिली फेरी अनेकदा घरी मोबाइलवर केलेल्या चित्रफितीवरच होते. सुरुवातीला नाव, वय, उंची आणि येणाऱ्या भाषा सांगून समोरून व दोन्ही बाजूंनी चेहरा दाखवायचा, मग प्रसंग करायचा. मागे साधी भिंत असावी, उजेड चेहऱ्यावर समोरून यावा आणि दुसऱ्या पात्राचे संवाद वाचणाऱ्याने कॅमेऱ्याला खेटून, हळू आवाजात वाचावे. एवढे जमले की राहतो तो अभिनय, आणि त्याची परीक्षा होते ती तुमचे वाक्य नसलेल्या जागी. बहुतेक नवखे स्वतःचे वाक्य संपताच विझतात आणि पुढच्या वाक्याची वाट पाहत थांबतात. निवडणारा नेमका तेव्हा तुमच्याकडे पाहत असतो. नकार सहसा कोणी कळवत नाही. ‘शॉर्टलिस्ट’ झाल्याचा निरोप म्हणजे काम नव्हे, आणि ‘लॉक’ झाल्याचे, म्हणजे निवड पक्की झाल्याचे, कळले तरी करार व तारखा हाती पडेपर्यंत दुसरे काम सोडू नये.

रंगभूमीवरून आलेल्याला कॅमेऱ्यापुढे आवाज आवरता येत नाही, असे सारे सांगतात. आवाज लवकर खाली येतो. खरी कसोटी कंटिन्युटीची, म्हणजे एकाच प्रसंगाच्या वेगवेगळ्या शॉटमध्ये हालचाली तंतोतंत जुळवण्याची. समजा, चहा पिता पिता बाप मुलाला घर सोडायला सांगतो, असा प्रसंग आहे. तो आधी मास्टर शॉटमध्ये, म्हणजे सगळा प्रसंग दिसेल अशा दुरून घेतलेल्या शॉटमध्ये, सलग होतो, मग मुलाच्या खांद्यावरून आणि शेवटी तुमचा, म्हणजे बापाचा, क्लोज (चेहरा जवळून), मध्ये जेवणाची सुट्टीही होऊन जाते. मास्टरमध्ये ‘उद्यापासून’ या शब्दावर डाव्या हाताने कप उचलला असेल तर क्लोजमध्येही तो त्याच शब्दावर, त्याच हाताने उचलावा लागतो. नाहीतर संकलकाला जोड बसवता येत नाही आणि तुमचा सर्वांत चांगला क्षण गळतो. नोंदी ठेवायला सहायक असतात, पण मी मास्टरमध्ये हातांना मोजकेच काम देतो आणि ते स्वतः लक्षात ठेवतो.

पैशांकडे वळू. मालिकांमध्ये मानधन ९० दिवसांनी देण्याची पद्धत रूढ आहे. जूनमध्ये केलेल्या कामाचे पैसे गणपतीच्या सुमारास येतात, तेही वेळेवर आले तर. त्यातून १० टक्के कर आधीच कापलेला असतो आणि काम कोऑर्डिनेटरमार्फत, म्हणजे काम मिळवून देणाऱ्या मध्यस्थामार्फत, आले असल्यास त्याचे कमिशन वेगळे जाते. उत्पन्न कमी म्हणून विवरणपत्र न भरणारे नट पुष्कळ आहेत. कापला गेलेला कर त्यामुळे परत मिळत नाही. ऑडिशनसाठी, नावनोंदणीसाठी किंवा अमुकच छायाचित्रकाराकडून फोटो काढून घेण्यासाठी कोणी पैसे मागितले तर तिथून सरळ उठून यावे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा सेटलाही लागू आहे, आणि तक्रार कोणाकडे करायची हे पहिल्याच दिवशी विचारण्यात गैर काही नाही.

मधल्या काळासाठी डबिंग, श्राव्य पुस्तकांचे वाचन, मे महिन्यातील बालनाट्य शिबिरे अशी कामे असतात आणि त्यांतून वाणीचा रियाजही होतो. नाटक मिळाले तर त्याहून उत्तम. मात्र नाटकाचे प्रयोग बव्हंशी शनिवार-रविवारी असतात आणि मालिकेचे चित्रीकरण वार पाहत नाही, म्हणून मालिका स्वीकारताना महिन्यातले किती दिवस द्यायचे आणि प्रयोगांसाठी कोणते मोकळे ठेवायचे हे करारात लिहून घ्यावे. ‘ॲडजस्ट करू’ या तोंडी आश्वासनाला प्रयोगाच्या दिवशी दुपारी चार वाजता, दोन सीन बाकी असताना, काहीही किंमत उरत नाही.