हॉट टबसाठी क्लोरीन, ब्रोमीन की मिठाची यंत्रणा?

१२०० लिटरच्या टबात चौघे बसले की माणशी ३०० लिटर पाणी आलं. पोहण्याच्या तलावात हाच आकडा कित्येक हजार लिटरचा असतो. शिवाय टबातलं पाणी ३८ ते ४० अंश सेल्सिअसवर असतं. माणसाला घाम सुटतो, जेटच्या हवेने पाण्यातलं जंतुनाशक औषध लवकर उडतं, आणि अंगावर पुरळ उठवणारा स्यूडोमोनास किंवा तुषारांतून थेट फुप्फुसात जाणारा लिजिओनेला या जंतूंना ऊब मिळते. म्हणून तलावासाठीचा सल्ला टबाला जसाच्या तसा लावू नका.

कोणतीही यंत्रणा घेण्याआधी एकच गोष्ट विचारा: शेजारी बसलेल्याच्या अंगावरून सुटलेला जंतू तुमच्यापर्यंत पोचण्याआधी, त्याच पाण्यात मारणारं काही आहे का? क्लोरीन आणि ब्रोमीन पाण्यात टिकून राहतात आणि हे काम करतात. ओझोन आणि यूव्ही दिवा मात्र आपल्यातून जाणाऱ्या पाण्यापुरतेच चालतात. चांदी-तांब्याची खनिज कांडी जंतू मारते, पण फार सावकाश, आणि घाम-तेल जाळणं तिला जमत नाही. ‘रसायनमुक्त’ असं लिहिलेलं यंत्र घेतलं तरी क्लोरीन किंवा ब्रोमीन घालावंच लागतं. बायग्वानाइड हे क्लोरीन नसलेलं जंतुनाशक हा तिसरा टिकाऊ पर्याय आहे, पण त्याचं क्लोरीन-ब्रोमीनशी अजिबात जमत नाही आणि शॉकसाठी, म्हणजे साचलेली घाण जाळणाऱ्या मोठ्या डोससाठी, दरवेळी वेगळं द्रावण लागतं. घरच्या टबाला तो उपद्व्याप नको.

टब रोज किंवा एक दिवसाआड वापरात असेल आणि दोन मिनिटं काढून मोजमाप करण्याची तयारी असेल, तर क्लोरीन घ्या. स्वस्त आहे, झटपट काम करतं. पातळी ३ ते ५ पीपीएम (लिटरला तेवढे मिलिग्रॅम) आणि पीएच ७.२ ते ७.८ ठेवा. सुरुवात डायक्लोर या दाणेदार क्लोरीनने करा. त्यात सुमारे ५६ टक्के क्लोरीन असतं, म्हणून १२०० लिटरची पातळी ३ पीपीएमने वाढवायला साधारण ६.५ ग्रॅम पुरतं. एक माणूस तासभर बसला की मात्र ९-१० ग्रॅम क्लोरीन, म्हणजे सुमारे १७ ग्रॅम डायक्लोर खर्च होतं. दोघं अर्धा-अर्धा तास बसले तरी हिशेब तोच. हा डोस बाहेर पडल्या पडल्या घालायचा, दुसऱ्या दिवशी सकाळी नाही.

खरी गोम पुढे आहे. डायक्लोर दर १० पीपीएम क्लोरीनमागे ९ पीपीएम सायन्युरिक आम्लही पाण्यात सोडतं. क्लोरीन खर्च होतं, हे आम्ल तसंच साठत जातं आणि क्लोरीनला बांधून ठेवतं. दोन महिन्यांनी चाचणीत ४ पीपीएम दिसतं, तरी पाणी गढूळ होतं आणि अंगाला खाज सुटते, ती यामुळेच. १२०० लिटरमध्ये एकूण ७० ग्रॅम डायक्लोर गेलं की सायन्युरिक ३० पीपीएमच्या आसपास पोचतं. तिथे थांबा आणि साध्या, बिनसुगंधी सोडियम हायपोक्लोराइट द्रावणावर (ब्लीचवर) या. १० टक्क्यांचं द्रावण असेल तर ३ पीपीएमसाठी ३६ मिलिलिटर लागतं. द्रावण जुनं झालं की त्याचा जोर ओसरतो, म्हणून छोटी बाटली घ्या. या टप्प्यावर पीएच सारखा वर चढत असेल तर क्षारता (पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद) ५०-६० पीपीएमपर्यंत उतरवा, चढ बराच मंदावतो. तलावाच्या ट्रायक्लोर गोळ्या टबात टाकू नका. त्या फार आम्लधर्मी असतात, तळाशी बसल्या तर टबाच्या पृष्ठभागालाच डाग पाडतात.

ज्यांचा टब आठवडाभर झाकून राहतो किंवा ज्यांना क्लोरीनचा वास सोसत नाही, त्यांना ब्रोमीन बरं. घामातल्या अमोनियाशी संयोग झाल्यावरही ते जंतू मारत राहतं. क्लोरीनचा तसा संयोग दुबळा पडतो, आणि नाकात जातो तो उग्र वास त्याचाच. आधी १२०० लिटरला ३६ ग्रॅम सोडियम ब्रोमाइड विरघळवा, म्हणजे ३० पीपीएमचा साठा होतो. मग तरंगत्या डबीत ब्रोमीनच्या गोळ्या ठेवा आणि पातळी ४ ते ६ पीपीएम राखा. डबीची भोकं पहिल्या आठवड्यात रोज थोडी-थोडी उघडून बसवावी लागतात. टबात बसताना डबी बाहेर काढा. गोळ्या हळूहळू पीएच आणि क्षारता खाली ओढतात, त्यावर नजर ठेवा. टब उघड्यावर असेल तर विचार करा, कारण उन्हात ब्रोमीन टिकत नाही आणि सायन्युरिक आम्ल क्लोरीनला उन्हापासून जसं वाचवतं, तसं संरक्षणही त्याला मिळत नाही. नंतर क्लोरीनवर यायचं ठरलं तर पाणी पूर्ण बदला. ब्रोमाइड शिल्लक असेल तोवर टाकलेलं क्लोरीन ब्रोमीनच बनवत राहतं.

मिठाची यंत्रणा ही वेगळी जात नव्हेच. तिच्यातला विजेवर चालणारा सेल मिठापासून क्लोरीनच तयार करतो, ब्रोमाइड मीठ घातलं तर ब्रोमीन. बऱ्याच यंत्रांना सुमारे २००० पीपीएम मीठ लागतं, म्हणजे १२०० लिटरला २.४ किलो. रोजचा डोस वाचतो, मोजमाप वाचत नाही. पाणी जड असेल तर सेलवर चुन्याची पुटं चढतात, पीएच वाढत राहतो, आणि सहा-सात जण बसून गेल्यावर सेल मागे पडतो. तेव्हा हातानेच डोस घालावा लागतो. घेण्याआधी टबाच्या वॉरंटीत खारं पाणी चालतं का, ते वाचा.

ओझोनचं यंत्र टबात आधीच असेल तर राहू द्या. वापर जास्त असेल तर घाण जाळून तो क्लोरीन वाचवतो. टब रिकामा पडून असेल तर उलट क्लोरीनच खातो. यूव्ही दिव्याची काचनळी पुसावी लागते आणि दिवा वर्षभराने बदलावा लागतो.

काहीही निवडलं तरी आधी पाइप धुण्याचं द्रावण घालून जेट चालवा, पाणी सोडून द्या आणि मग नवीन भरा. नव्या टबातही कारखान्यातल्या चाचणीचं पाणी राहून चिकट थर धरलेला असू शकतो. औषध घालताना जेट चालू आणि झाकण १५-२० मिनिटं उघडं ठेवा, नाहीतर वाफेने झाकणाचं अस्तर कुजतं. आम्ल आणि क्लोरीन एकामागोमाग ओतू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

पाणी कधी बदलायचं, त्याचा ढोबळ हिशेब असा: लिटरला ११ ने भागा, मग रोज बसणाऱ्या माणसांच्या संख्येने. १२०० लिटर आणि दोन माणसं, तर साधारण ५५ दिवस. मधेच शंका आली तर क्लोरीनच्या टबात रात्री पातळी मोजा, २४ तास कुणालाही बसू देऊ नका, पुन्हा मोजा. पाव ते तिसरा हिस्सा घटला तर ठीक, ओझोन असेल तर निम्मी घटही चालते. त्याहून जास्त घट म्हणजे पाइपात थर असण्याची शक्यता आहे. आणि डीपीडी चाचणीत (क्लोरीन असलं की गुलाबी होणाऱ्या चाचणीत) रंगच आला नाही म्हणून लगेच डोस वाढवू नका. क्लोरीन १० पीपीएमच्या वर गेलं की गुलाबी रंग उमटून क्षणात पुसला जातो. नमुन्यात तेवढंच साधं पाणी मिसळून पुन्हा पाहा.