लहान शिडाच्या बोटीवर टीव्हीचे चित्र मिळवताना

लहान शिडाच्या बोटीवर टीव्ही बसवायचा ठरले की बहुतेक मालक आधी पडद्याचा आकार ठरवतात, मग हाताला लागेल तो अँटेना घेतात आणि केबल सर्वांत शेवटी, उरलेल्या फटीतून कशीबशी ओढून नेतात. चांगले चित्र हवे असेल तर हा क्रम उलटा करावा लागतो. पडदा कोणताही चालतो; अँटेना पाण्यापासून किती उंच आहे, त्याची केबल कोणत्या प्रतीची आहे आणि बोटीवरची बाकीची उपकरणे किती विद्युत गोंगाट करतात, म्हणजे सिग्नलमध्ये मिसळणाऱ्या किती नकोशा लहरी सोडतात, यावरच चित्र येणार की नाही हे ठरते. येथे मुख्यतः किनाऱ्यावरच्या मनोऱ्यांवरून होणाऱ्या प्रक्षेपणाचा विचार केला आहे. उपग्रह आणि इंटरनेट या पर्यायांचा उल्लेख पुढे थोडक्यात येईल.

टीव्हीच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, त्यामुळे पृथ्वीच्या गोलाईआड मनोरा गेला की सिग्नल झपाट्याने मंदावतो. हे अंतर काढण्याचा हिशेब सोपा आहे: मनोऱ्याची आणि आपल्या अँटेनाची समुद्रसपाटीपासूनची उंची मीटरमध्ये घ्यावी, दोन्हींची वर्गमुळे काढून बेरीज करावी आणि तिला ४.१२ ने गुणावे. उत्तर किलोमीटरमध्ये मिळते. मनोरा २०० मीटर उंच आणि डोलकाठीच्या शेंड्यावरचा अँटेना १२ मीटरवर असेल, तर ही मर्यादा सुमारे ७२ किलोमीटर येते. तोच अँटेना केबिनच्या छपरावर, पाण्यापासून २ मीटरवर ठेवला तर ती सुमारे ६४ किलोमीटर होते. एवढ्याशा फरकासाठी डोलकाठीवर कोण चढणार, असे वाटणे साहजिक आहे. परंतु खरा फायदा अंतरात नसून सिग्नलच्या ताकदीत असतो. दूरच्या मनोऱ्याकडून समुद्रावरून येणारा सिग्नल अँटेनाची उंची दुप्पट केली की साधारण ६ डेसिबलने (डेसिबल हे सिग्नलची वाढ-घट मोजण्याचे एकक) वाढतो, म्हणजे २ मीटरवरून १२ मीटरवर गेल्यास सुमारे १५ डेसिबलची कमाई होते, आणि तीही कोणतीही वीज न खर्चता.

डिजिटल प्रक्षेपणात या डेसिबलना विशेष महत्त्व आहे. जुन्या पद्धतीत सिग्नल कमी झाला की पडद्यावर मुंग्या दिसत, तरी कार्यक्रम कळत असे. डिजिटल चित्र मात्र एका ठरावीक पातळीपर्यंत निर्दोष दिसते आणि त्या पातळीखाली जाताच चौकटी-चौकटींमध्ये फुटून नाहीसे होते. म्हणूनच बंदरात स्वच्छ दिसणारे चित्र पाहून जोडणी उत्तम झाली असे मानू नये. टीव्हीच्या मेनूमध्ये सिग्नलची ताकद आणि गुणवत्ता दाखवणारे पान असते, तेथे किती राखीव शिल्लक आहे ते पाहावे. दोन आकड्यांपैकी गुणवत्तेचा आकडा अधिक विश्वासार्ह असतो, कारण ताकदीच्या आकड्यात गोंगाटही मोजला जातो.

नांगर टाकण्यासाठी आपण ज्या जागा निवडतो, त्या बहुधा टीव्हीच्या दृष्टीने सर्वांत वाईट असतात. वाऱ्यापासून आडोसा देणारा डोंगर लहरींनाही तितक्याच निष्ठेने अडवतो. अशा ठिकाणी वरचा हिशेब लागू पडत नाही. बोट शंभर-दोनशे मीटर सरकवून डोंगराची कड सोडल्यास कधी कधी चित्र येते, पण त्यासाठी सुरक्षित जागा सोडणे शहाणपणाचे नव्हे.

अँटेना निवडताना प्रश्न दिशेचा असतो. घराच्या छपरावर दिसणारा, आडव्या दांड्यांचा दिशादर्शी अँटेना सिग्नल चांगला वाढवतो, परंतु तो मनोऱ्याकडे रोखून धरावा लागतो, आणि नांगरावरची बोट वारा व भरती-ओहोटी यांच्या तालावर रात्रभर फिरत राहते. त्यामुळे सतत हिंडणाऱ्या बोटीसाठी सर्व दिशांनी सारखे ग्रहण करणारा, तबकडीच्या आकाराचा अँटेना डोलकाठीच्या शेंड्यावर कायमचा बसवणे हाच व्यवहार्य मार्ग आहे. त्याची ग्रहणशक्ती बेताची असते. ती उणीव उंची भरून काढते. ज्यांची बोट आठवड्यांमागून आठवडे धक्क्याला बांधलेली असते, त्यांनी मात्र दिशादर्शी अँटेनाच घ्यावा.

दोन्हींच्या मधला एक उपाय पुष्कळांना ठाऊक नसतो. हलका दिशादर्शी अँटेना प्लॅस्टिकच्या लहान नळीवर बसवून, शीड चढवण्याच्या मोकळ्या दोराने तो नांगरावर असताना वर खेचता येतो. नळीच्या खालच्या टोकाला दोन पातळ दोऱ्या बांधून त्या डेकवर दोन बाजूंना अडकवल्या की अँटेना गरगर फिरत नाही, आणि बोटीचे तोंड वळले तर त्याच दोऱ्यांनी तो पुन्हा मनोऱ्याकडे वळवता येतो. वारा वाढण्यापूर्वी आणि शीड उभारण्यापूर्वी तो खाली उतरवणे आवश्यक आहे. कायमची जोडणी करण्याआधी उंचीचा नेमका किती फायदा होतो हे तपासण्यासाठीही ही युक्ती उपयोगी पडते.

लहरींच्या कंपनाची मांडणी (पोलरायझेशन) आडवी आहे की उभी, हेही पाहावे लागते. मोठे मनोरे बहुतेक ठिकाणी आडव्या मांडणीत प्रक्षेपण करतात, तर लहान पूरक मनोरे अनेकदा उभ्या मांडणीत. अँटेना चुकीच्या मांडणीत असेल तर नुकसान मोठे होते. बोट कलल्यामुळे चित्र जाते अशी जी तक्रार केली जाते, तिच्यात मात्र फारसे तथ्य नाही. ३० अंशांच्या कलण्याने मांडणीतील फरकामुळे होणारी घट जेमतेम सव्वा डेसिबल असते. चालत्या बोटीवर चित्र तुटण्याची खरी कारणे अँटेना डोलकाठीच्या सावलीत येणे आणि मुळातच सिग्नल काठावर असणे ही होत. म्हणून अँटेना शेंड्याच्या वर यावा, बाजूला नव्हे, आणि मरीन व्हीएचएफच्या, म्हणजे बोटीवरून बोलण्याच्या रेडिओ संचाच्या, अँटेनापासून शक्य तितका, निदान एक मीटर तरी दूर असावा.

केबलवर काटकसर करू नये. टीव्हीसाठी ७५ ओहमची केबल लागते, आणि आरजी-६ जातीच्या चांगल्या केबलमध्ये ६०० मेगाहर्ट्झच्या आसपास दर १०० मीटरला सुमारे २० डेसिबलची घट होते. म्हणजे शेंड्यापासून केबिनपर्यंतच्या २० मीटरमध्ये ४ डेसिबल जातात. बारीक केबलमध्ये त्याहून अधिक जातात. डोलकाठीच्या आत केबल नुसती लोंबकळत ठेवली तर तिचे सगळे वजन वरच्या कनेक्टरवर येते आणि लाटांबरोबर ती आत आपटत राहते. वरच्या टोकाला ती स्वतंत्र बांधून घ्यावी. डोलकाठीच्या तळाशी एक कनेक्टर ठेवावा, म्हणजे डोलकाठी उतरवताना केबल कापावी लागणार नाही. हाच कनेक्टर सर्वांत आधी खराब होतो. त्याला सिलिकॉन ग्रीस लावून, स्वतःला चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळावी, आणि केबल डेकमधून आत जाण्याआधी तिला खाली झोल द्यावा, जेणेकरून ओघळणारे पाणी त्या झोलाच्या तळाशी टपकून जाईल. केबलच्या आत एकदा खारे पाणी शिरले की ते जाळीतून पुढे पुढे सरकते. टोक कापल्यावर आतले तांबे काळे दिसले तर चकाकते तांबे लागेपर्यंत केबल छाटावी, नाहीतर सरळ बदलावी.

सिग्नल वाढवणारा ॲम्प्लिफायर लावायचाच असेल तर तो अँटेनाजवळ, केबलच्या वरच्या टोकाला असला पाहिजे. केबिनमध्ये टीव्हीशेजारी लावलेला ॲम्प्लिफायर केबलमध्ये आधीच दुबळा झालेला सिग्नल आणि त्यातला गोंगाट दोन्ही सारखेच वाढवतो. वरच्या ॲम्प्लिफायरला १२ व्होल्टचा पुरवठा त्याच केबलमधून, खाली बसवलेल्या इन्सर्टरद्वारे (केबलमध्ये वीज सोडणाऱ्या लहान डबीतून) जातो. मनोरा जवळ असेल तर तो बंद ठेवावा किंवा वाढ कमी करावी, कारण जास्तीच्या सिग्नलने तो गुदमरतो आणि चित्र उलट बिघडते. बोटीच्या व्हीएचएफ संचावरून २५ वॅटने बोलताना चित्र गोठले तर त्यात नवल नाही. बोट चालू असताना दर ३० सेकंदांनी चित्राला झटका बसत असेल, तर बोटीवरचा क्लास-बी एआयएस संच (इतर जहाजांना बोटीची जागा आपोआप कळवणारा, लहान बोटींसाठीचा संच) आपली जागा प्रसारित करत आहे, असे समजावे; दोन नॉटच्या (ताशी दोन सागरी मैलांच्या) वर बरेचसे असे संच त्याच अंतराने संदेश पाठवतात. अर्थात टीव्हीसाठी एआयएस बंद करण्याचा विचारही मनात आणू नये.

ॲम्प्लिफायरचा धोका दुसऱ्या बाजूनेही असतो, आणि तो अधिक गंभीर आहे. २००१ मध्ये कॅलिफोर्नियातील मॉस लँडिंग बंदरात जहाजांचे जीपीएस अचानक निकामी झाले. शोध घेतल्यावर त्याचे मूळ लहान बोटींवरच्या ॲम्प्लिफायरयुक्त टीव्ही अँटेनांमध्ये सापडले. बिघडलेला ॲम्प्लिफायर स्वतःच लहरी सोडू लागतो आणि शेजारच्या बोटींनाही आंधळे करतो. म्हणून नवा ॲम्प्लिफायर चालू केल्यावर लगेच जीपीएसच्या पडद्यावर उपग्रहांच्या सिग्नलचे पट्टे पाहावेत. ते खाली आले तर तो ॲम्प्लिफायर काढून टाकावा.

उलट दिशेचा, म्हणजे बोटीवरच्या उपकरणांकडून टीव्हीत येणारा गोंगाट शोधण्याची पद्धतही तितकीच सोपी आहे. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१८ मध्ये एलईडी दिव्यांमुळे व्हीएचएफ आणि एआयएस यांना होणाऱ्या त्रासाबाबत इशारा देताना जी चाचणी सुचवली होती, ती टीव्हीसाठीही उत्तम आहे. व्हीएचएफ संच एखाद्या शांत चॅनेलवर ठेवावा, खरखर जेमतेम थांबेल इतकाच स्क्वेल्च (खरखर दाबणारे बटण) फिरवावा आणि मग दिवे लावावेत. खरखर परत आली तर दोषी दिवेच. त्याच रीतीने फ्रिज, सौर पॅनेलचा नियंत्रक, बॅटरी चार्जर, मोबाइलचा यूएसबी चार्जर असे एकेक उपकरण चालू-बंद करावे आणि त्याच वेळी टीव्हीवरचा गुणवत्तेचा आकडा दुसऱ्या कोणाला तरी मोठ्याने वाचायला सांगावे. दोषी उपकरणाच्या तारांवर फेराइटची (गोंगाट शोषणाऱ्या चुंबकीय पदार्थाची) कडी चढवल्याने बरेचदा काम भागते. स्वस्त एलईडी दिवे मात्र बदलणेच बरे.

इन्व्हर्टर हाही असाच गोंगाट करणारा, शिवाय वीज वाया घालवणारा. १२ व्होल्टवर चालणारा टीव्ही घेतला की त्याची गरजच उरत नाही. साधारण २४ इंचांचा एलईडी टीव्ही २० ते ३० वॅट घेतो, म्हणजे तीन तासांत बॅटरीतून ५ ते ८ अँपिअर-तास जातात. ज्या घरगुती टीव्हीचा अडॅप्टर १२ व्होल्टचा आहे तोही चालतो, परंतु चार्जिंगच्या वेळी बोटीवरचा दाब १४.४ व्होल्टपर्यंत चढतो, तेव्हा मधे १२ व्होल्ट स्थिर ठेवणारा रेग्युलेटर आणि योग्य फ्यूज असलाच पाहिजे. टीव्हीच्या स्पीकरमध्ये चुंबक असतात, म्हणून तो होकायंत्राजवळच्या भिंतीवर लावू नये.

देश बदलला की प्रक्षेपणाची पद्धतही बदलू शकते. युरोपात डीव्हीबी-टी आणि टी२, उत्तर अमेरिकेत एटीएससी, जपान आणि ब्राझीलमध्ये आयएसडीबी-टी चालते. एका पद्धतीचा ट्यूनर (टीव्हीतला सिग्नल पकडणारा भाग) दुसरीकडे निरुपयोगी ठरतो. एकाच देशातही प्रत्येक नव्या बंदरात चॅनेल पुन्हा शोधावे लागतात, कारण मनोऱ्यागणिक वारंवारिता वेगळी असते.

उपग्रहाची डिश हा पर्याय हलत्या लहान बोटीला मानवत नाही. ६० सेंटिमीटरच्या डिशचा झोत जेमतेम तीन अंशांचा असतो, आणि नांगरावरची बोट याहून कितीतरी अधिक डुलते. स्वतःला स्थिर ठेवणाऱ्या डिश मिळतात, पण त्यांचे घुमट लहान बोटीवर जागा अडवतात आणि वर बसवले तर तोलही बिघडवतात. साधी डिश तिपाईवर धक्क्यावर मांडणे एवढेच परवडते. इंटरनेटवरून पाहणे किनाऱ्याजवळ सोपे असले तरी उच्च दर्जाच्या चित्राला तासाला ३ जीबीपर्यंत डेटा लागतो. चित्रपट बंदरातच उतरवून घेतलेले बरे.

सगळे नीट असूनही एके दिवशी चित्र गेले, तर डोलकाठीवर चढण्यापूर्वी तळाचा कनेक्टर सोडवून तेथे लहान केबलने साधा अँटेना जोडावा आणि पुन्हा चॅनेल शोधावेत. मनोरा जवळ असलेल्या ठिकाणी असे केल्यावर चित्र आले, तर दोष वरच्या भागात आहे; तेव्हा इन्सर्टर जोडलेल्या केबलवर १२ व्होल्ट येतात का हे मल्टिमीटरने मोजावे. चित्र आले नाही, तर दोष केबिनमधल्या केबलमध्ये किंवा ट्यूनरमध्ये शोधावा.