बिलं अडकली म्हणून काम थांबवताय? आधी एवढं हाताशी ठेवा

एप्रिल संपत आला की आपल्याकडे एकच घाई, पावसाच्या आत स्लॅब पडला पाहिजे, आणि नेमकं तेव्हाच मालकाकडे आपलं, म्हणजे कंत्राटदाराचं, बिल अडकतं. चिरेवाला दारात, सेंटरिंगवाल्याचे फोन, मग डोकं तापतं नि आपण साईटवरून माणसं काढून घेतो. मी लांज्याकडच्या एका घराला हेच केलं, फोनवर सांगून थांबलो, तर आठ दिवसांत मालकाच्या वकिलाची नोटीस की कंत्राटदार काम टाकून गेला. पैसे राहिले बाजूला, मीच खुलासे देत बसलो.

म्हणून पहिलं अ‍ॅग्रीमेंट काढा. बिल किती दिवसांत द्यायचं नि नाही दिलं तर काम थांबवता येतं का, हे त्यात शोधा. फिडिकच्या (इंजिनिअरांची आंतरराष्ट्रीय संघटना) रेड बुकसारख्या छापील नमुना करारात 21 दिवसांची नोटीस देऊन थांबायची सोय असते, इंग्लंडात तर 1996 च्या कायद्यानेच किमान 7 दिवसांच्या नोटिशीवर तो हक्क दिलाय. आपल्याकडे कंत्राटदारासाठी असा वेगळा कायदा नाही, 1872 च्या करार कायद्यातली कलम 51 ते 54 आहेत, म्हणजे समोरच्याने आपलं वचन पाळायचं, मग आपण आपलं, पण कोणाचं आधी हे शेवटी करारावरून ठरतं. करारात थांबायचं कलम नसेल तर वकिलाला दाखवल्याशिवाय थांबू नका, कारण चुकीचं थांबलात तर करार तुम्हीच मोडला असं कलम 39 खाली मालक म्हणू शकतो.

मग मोजमाप. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि आपण यातच कच्चे. एम.बी. म्हणजे मोजमापाच्या वहीवर इंजिनिअरची सही घ्या, नाही देत म्हणाला तर मोजणीचा दिवस लिहून कळवा, तो आला नाही तरी मोजा, तारखेचे फोटो काढा. बिल दिल्याची पोच, व्हॉट्सअ‍ॅपवरचं "पुढच्या आठवड्यात देतो" याचे स्क्रीनशॉट, सिमेंट-सळईची चलनं, सगळं एका फाईलीत.

नोटिशीत बिल नंबर, तारीख, रक्कम, कराराचं कलम, कधीपर्यंत पैसे हवेत आणि नाही आले तर कोणत्या दिवसापासून काम बंद, एवढंच लिहा, शिव्या नकोत. स्पीड पोस्टने पाठवा, ईमेलही करा, पोच जपून ठेवा. त्यातच काम पुरं करायला मुदतवाढ मागा आणि बसून राहिलेल्या मिक्सरचं, प्लेटांचं भाडं नि कामगारांचा खर्च मालकाकडून घेणार हेही लिहून टाका, नंतर आठवलं तर उशीर होतो.

थांबताना साईट उघडी टाकू नका, पाऊस काय तुमच्या भांडणासाठी थांबणार नाही. नवीन स्लॅबखालच्या टेकूच्या बल्ल्या लगेच काढायच्या नाहीत, आयएस 456 (काँक्रीटचं भारतीय मानक) प्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला (दोन आधारांमधलं अंतर) 7 दिवस, मोठ्याला 14. क्युरिंग (पाणी मारणं) पूर्ण करा, बाहेर राहिलेल्या सळयांना सिमेंटची स्लरी लावा, खाऱ्या हवेत त्या लगेच गंजतात. पाण्याची वाट मोकळी ठेवा आणि रोजच्या डायरीत लिहा की कोण आलं, काय झालं.

अर्धे पैसे आले तर घ्या, पण पावतीवर "बाकी रकमेचा हक्क राखून" लिहून. सगळे आले की कोणत्या तारखेपासून माणसं परत येतायत ते लेखी कळवा. नाहीच आले तर लिमिटेशन, म्हणजे दावा लावायची मुदत, ध्यानात धरा, केलेल्या कामाच्या पैशासाठी साधारणपणे काम झाल्यापासून 3 वर्षं असतात, नुसत्या आश्वासनांवर ती घालवू नका.