गॅस गीझरचा क्षार घरी काढताना या चुका टाळा

सकाळी नळ सोडला की टक टक टक आवाज होतो, गीझर पेटतो आणि बादलीत अंगठ्याएवढी पडणारी धार करंगळीएवढीच पडायला लागते. जे पडतं ते हात लावू देत नाही इतकं कढत. मग गीझर मध्येच विझतो. बोअर आणि टँकरवर चालणाऱ्या सोसायट्यांमध्ये ही रोजची कटकट आहे. आमच्याकडे तीन वर्षं आहे, आणि खाली लिहिलेल्यातल्या निम्म्या चुका मी स्वतः केल्या आहेत.

गीझरच्या आत तांब्याची कॉइल असते. खाली बर्नर, वर कॉइल, आतून पाणी. जड पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट तापलं की फुटतं आणि न विरघळणारं कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीच, नळीच्या आतून थराथराने बसते. पाणी जितकं कढत, तितका थर लवकर. भारतीय मानकाप्रमाणे (आयएस 10500) पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. हा जडपणा टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मोजणाऱ्या मीटरवर कळत नाही. सॉफ्टनर बसवल्यावर टीडीएस तेवढाच राहिला म्हणून दुकानदाराशी भांडणारे पाहिलेत. सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम सोडतो, मग टीडीएस घटणार कसा?

पहिली चूक: क्षार आहे का ते न बघताच गीझर खोलणं

ठिणगीचा आवाजच नसेल तर सेल उतरलेत, दोन मोठे सेल बदला. ठिणगी आहे पण पेट नाही, तर आधी सिलिंडर बघा. धार बारीक असेल तर शॉवर काढून नुसत्या पाइपची धार पाहा. अर्ध्या वेळा क्षार शॉवरच्या भोकांत बसलेला असतो आणि गीझर बिचारा निर्दोष. त्यानंतर गीझरच्या थंड पाण्याच्या तोंडाशी असलेली छोटी जाळी काढून धुवा. टाकी साफ केल्यावर ती हमखास चोंदते. शेजारचा थंड नळ धो धो वाहतोय, जाळी स्वच्छ आहे, शॉवर नाही, तरी धार बारीकच आणि पेटल्यावर आतून चहाच्या भांड्यासारखी गुरगुर, तर मात्र कॉइलमध्ये क्षार आहे.

दुसरी चूक: संडास धुवायचं ॲसिड वापरणं

ही सगळ्यांत महाग पडते. बाटलीतलं ते हायड्रोक्लोरिक ॲसिड क्षार झटक्यात खातं, खरं आहे. पण पितळी जोड, कॉइलचे डाग दिलेले सांधे आणि रबरही सोडत नाही. बंद बाथरूममध्ये त्याचा धूर छातीत जातो. जवळपास ब्लीचिंग पावडर सांडलेली असेल तर क्लोरीन वायू तयार होतो, तो जिवावर बेततो. आमच्या मजल्यावर एकाने हा प्रयोग केला. गीझर स्वच्छ झाला आणि आठवड्यात खालून गळायला लागला.

किराणा दुकानातलं लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड, पुरेसं आहे. पाच लिटर कोमट पाण्याला पाव किलो. हे पाणी बादलीतून छोट्या पंपाने कॉइलमधून फिरवत ठेवायचं. उकळतं पाणी घेऊ नका. गरम पाण्यात कॅल्शियम सायट्रेट कमी विरघळतं, त्यामुळे सुटलेला क्षार पुन्हा पांढरा गाळ होऊन बसू शकतो. व्हिनेगरही चालतं, पण ते हळू काम करतं आणि घरभर वास सुटतो.

तिसरी चूक: सेल न काढता पाणी फिरवणं

गॅस गीझर वीज किंवा बटण बघून पेटत नाही, पाण्याचा दाब बघून पेटतो. आतला रबरी डायफ्राम (पडदा) दाबाने सरकतो, मायक्रोस्विच लागतो, ठिणगी पडते. तुम्ही पंपाने लिंबूफुलाचं पाणी फिरवायला घेतलं की गीझरला वाटतं आंघोळ चालू आहे. म्हणून आधी रेग्युलेटर बंद, मग सेल बाहेर, मग पाण्याचा कॉक बंद. गॅसच्या पाइपला हातही लावायची गरज नाही, फक्त पाण्याचे दोन जोड सोडायचे. तेही एका पान्याने नको: एका पान्याने मागचा निपल (गीझरचं आट्यांचं तोंड) धरा, दुसऱ्याने नट फिरवा. नाहीतर आतली तांब्याची नळी पिळली जाते.

पंप म्हणून कूलरचा छोटा पंप उत्तम. तो फार वर पाणी चढवत नाही, म्हणून बादली जमिनीवर न ठेवता मजबूत स्टुलावर, गीझरच्या जवळ ठेवा. पंपाची नळी थंड पाण्याच्या तोंडाला लावायची, गरम पाण्याच्या तोंडाची नळी परत बादलीत सोडायची. उलट दिशेने फिरवलं तर सुटलेले क्षाराचे तुकडे डायफ्रामकडे जाऊन अडकतात. परत येणाऱ्या नळीच्या टोकाला जुना पायमोजा बांधा. तुकडे त्यात राहतात. एक्स्टेन्शन बोर्ड बाथरूमच्या बाहेर, उंचावर. ओल्या फरशीवर बोर्ड ठेवून हे काम करणाऱ्याला मी तरी मदतीला जाणार नाही.

फरशीवरून आठवलं. शहाबादी आणि कडप्पा दोन्ही चुनखडीचेच दगड. लिंबूफुलाचं पाणी सांडलं की त्यावर फेस येतो आणि कायमचे पांढुरके डाग पडतात. खाली प्लास्टिक अंथरा. पण शहाबादीचा एक फुटका तुकडा हाताशी ठेवा, तो आपला मीटर. कॉइलमधून फेस येणं थांबलं की बादलीतले चार थेंब त्यावर टाकायचे. फेसाळले तर ॲसिडमध्ये अजून दम आहे, म्हणजे आतला क्षार संपत आलाय. शांत राहिले तर ॲसिडच संपलंय. नवीन पाणी करून पुन्हा फिरवा.

रात्रभर ठेवू नका

पाऊण ते एक तास पुरतो. क्षार संपल्यावर ॲसिड पितळ आणि वॉशरच्या मागे लागतं. परतीचं पाणी थोडं निळसर-हिरवट दिसलं तर तो तांब्याचा अंश. रंग गडद व्हायला लागला तर तिथेच थांबा. मग गॅस बंदच ठेवून दहा मिनिटं साधं पाणी वाहू द्या, नव्या वॉशरने जोड बसवा.

आता सेल घाला, दार-खिडकी उघडून गीझर पेटवा. कधी कधी बर्नरवर पाणी टपकतं. त्याचा अर्थ कॉइलला आधीच बारीक भोक होतं, क्षारानेच ते बुजवलं होतं. एम-सील लावून गीझर चालवू नका, कॉइल बदला. ज्योत पिवळी असेल तर त्याचा क्षाराशी संबंध नाही. ती काजळीची, अर्धवट ज्वलनाची खूण, आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. तो दिसत नाही, वासही नसतो. अशा वेळी मेकॅनिकलाच बोलवा. आणि गीझर अजून बाथरूमच्या आतच टांगलेला असेल तर क्षाराचं नंतर बघू, आधी तो बाहेर हलवा.

विजेचा तीन लिटरचा इन्स्टंट गीझर असेल तर गोष्ट वेगळी. त्यात छोटी टाकी असते, क्षार एलिमेंटवर खडूसारखा चढतो, नुसतं पाणी फिरवून पूर्ण निघत नाही. एमसीबी पाडा आणि एलिमेंट माहीतगाराकडून काढून घ्या.

परत लवकर ही वेळ नको असेल तर गॅसचं बटण पूर्ण आणि पाण्याचं कमी ठेवायची सवय सोडा. आपण पाणी कढत करतो, मग बादलीत गार ओतून विसावण घालतो. त्यापेक्षा ज्योतच कमी ठेवा, पाणी नळातूनच अंगाला सोसेल असं येऊ द्या. गीझर साफ झाल्या दिवशी बादली भरायला किती वेळ लागतो ते मोजा आणि गीझरवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा. आमच्या पट्टीवर 3 मिनिटं 20 सेकंद लिहिलंय. साडेचार झाले की किराणाच्या यादीत लिंबूफूल.