कोल्हापुरात माळवं कसं आणावं

भाजीला आमच्याकडं जुनी माणसं अजून माळवं म्हणतात. माळवं आता घरपोचही येतं, आणि तसं मागवणाऱ्यांशी माझं काही भांडण नाही. पण हातात पिशवी घेऊन तास-दीड तास मंडईत हिंडण्यात जी मजा आहे ती चुकवू नये असं ज्यांना वाटतं, किंवा जे कोल्हापुरात नवे आहेत आणि 'जवारी घेणार काय?' म्हटल्यावर गोंधळतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी जागा ठरवा. रोजच्या दोन-तीन भाज्यांसाठी कपिलतीर्थ, शिंगोशी किंवा राजारामपुरीची मंडई पुरते. अंबाबाईचं दर्शन घेऊन कपिलतीर्थातून भाजी घेऊन घरी जाणारी मंडळी रोज दिसतील. मार्केट यार्डात घाऊक सौदे चालतात. घरात कार्य असेल किंवा पोत्यानं कांदा भरायचा असेल तरच तिकडं जा. खरी मजा रविवारी लक्ष्मीपुरीच्या आठवडी बाजारात. खेड्यापाड्यांतल्या बायका भल्या सकाळी बुट्ट्या घेऊन येतात आणि जागा मिळेल तिथं बारदान अंथरून बसतात.

पिशव्या दोन घ्या, तोंडानं रुंद. एक कांदा, बटाटा, भोपळा, नारळ अशा दणकट मालासाठी, दुसरी पालेभाजी आणि टोमॅटोसाठी. दहा-वीसच्या सुट्ट्या नोटा हव्यातच. क्यूआर कोड आता बुट्टीलासुद्धा लटकलेला असतो, पण तो बऱ्याचदा भाच्याच्या नावाचा असतो, भाचा असतो गावाकडं, आणि पैसे पोचले का हे विचारायला मावशी त्याला फोन लावते. मागं रांग वाढत जाते.

यादी करू नका. अपवाद एकच. रविवारी घरात मटण असणार, तेव्हा कोथिंबीर, आलं, लसूण आणि पांढऱ्या रश्श्यासाठी नारळ एवढं ठरलेलं. बाकी काय शिजवायचं ते बाजार बघून ठरवायचं.

त्यासाठी पहिली फेरी रिकाम्या हातानं मारा. एकाच भाजीचा भाव तीन ठिकाणी विचारा आणि पुढं चला. कोणी रागवत नाही. ज्या भाजीचे ढीग ठायी ठायी दिसतात, तिचा हंगाम ऐन भरात आहे, म्हणजे ती स्वस्त असणार आणि चवीलाही चांगली. थंडीत ओला वरणा, पावटा, ढाळे (ओल्या हरभऱ्याच्या डहाळ्या) दिसले की भोगी जवळ आली समजायचं. गौरीच्या आदल्या दिवशी शेपूच शेपू. उन्हाळ्यात कोकणातून घाट चढून हापूस आणि फणस येतात, आजरा-चंदगडकडून ओले काजूगर, डोंगरातून करवंदं-जांभळं. पावसाळ्याच्या तोंडाला टाकळा, कुर्डू, भारंगी अशा रानभाज्यांचे छोटे वाटे दिसतात. ओळखता येत नसतील तर विकणारीलाच विचारा, कृतीसकट सांगेल. भारंगी कडू असते, ती उकळून पाणी पिळून टाकायचं, हे मला अशाच एका आजीनं सांगितलं.

आता 'जवारी'. हा शब्द आपल्याकडं कानडीतून आला. जवारी म्हणजे इथल्या मूळ वाणाचं, हायब्रीड नसलेलं. कोथिंबीर जवारी, काकडी जवारी, गवार जवारी, कोंबडीही जवारी. अर्थात एकदा भाव जास्त मिळतो म्हटल्यावर सगळ्यांचंच जवारी होतं. मग ओळखायचं कसं? कोथिंबिरीचं एक पान बोटांत चुरडा. जवारी पेंडी, म्हणजे जुडी, दिसायला बारकी, देठं थोडी तांबूस, पण वास हाताला घरापर्यंत राहतो. उंच, हिरवीगार, ताठ पेंडी बहुतेक वेळा नुसती शोभेची.

त्याहून सोपी खूण म्हणजे माल सोडून विकणारीकडं बघणं. जिच्यापुढं वीस भाज्या आहेत आणि प्रत्येक नग एका मापाचा आहे, तिनं तो सौद्यातून उचललेला असतो. त्यात वाईट काही नाही. पण जिच्या बारदानावर तीनच जिन्नस आहेत, दोन किलो वांगी, चार पेंड्या पोकळा आणि मूठभर लिंबं, वांगीही लहान-मोठी, एखादं वाकडं, तिथं थांबा. तो माल घरच्या रानातला असण्याची शक्यता जास्त.

'मावशी, वांगी जवारी हाईत का?'

'मग काय खोटं सांगतोय व्हय मी? सकाळच्या पारी तोडून आणलोय.'

इथल्या बायका 'मी सांगतो, मी आणतो' असंच बोलतात. पुण्याची पाहुणी बरोबर असली की ती थबकते. तिला तेवढ्यात हसू देऊ नका, भाव वाढेल.

वांगं उचलून देठ बघा. देठाची टोपी हिरवी, काटे बोटाला टोचणारे, साल ताणलेली आणि चकचकीत असेल तर आजचं. टोपी तपकिरी पडून काटे मऊ झाले असतील तर परवाचं. भरून करायला बारकी घ्या. भरताचं मोठं वांगं मात्र आकाराच्या मानानं हलकं असावं, जड असलं की आत बी फार. भोक दिसलं तर बाजूला ठेवा. अळी कोवळ्या फळात शिरते तेव्हाची जागा बुजून जाते. मोठं भोक असतं ते बहुधा ती बाहेर पडल्याचं. म्हणजे अळी गेली, पण आतला गर तिनं संपवलेला.

भेंडीचा शेंडा मोडून बघायचा तर एकीचाच बघा. दहा भेंड्या मोडून पावशेर घेणारी गिऱ्हाइकं मी पाहिलीत, आणि त्यांच्या पाठीमागं काय बोललं जातं तेही ऐकलंय. कलिंगडावर जमिनीला टेकलेल्या जागी पिवळसर डाग असला तर ते वेलावर पिकलेलं. डाग पांढरट असला तर कच्चं तोडलेलं. आंब्याचा वास देठाजवळ घ्या. रंग सगळीकडं एकसारखा पिवळा आणि वास काहीच नाही, असा आंबा सोडून द्या. कॅल्शियम कार्बाइडनं फळं पिकवायला कायद्यानं बंदी आहे, तरी नाकावर जास्त विश्वास ठेवलेला बरा.

पालेभाजीत मी चांगलाच फसलो होतो. एका संध्याकाळी मेथीच्या चार पेंड्या अगदी मातीमोल भावानं मिळाल्या. वरून पाणी मारलेलं, पानं टवटवीत. घरी बायकोनं दोरी सोडली तर मधला गाभा काळा आणि चिकट. तेव्हापासून पेंडीच्या मधोमध दोन बोटं घालून बघतो. आत गार लागलं तर घ्यायची, कोमट लागलं तर ठेवून द्यायची. घट्ट बांधलेला पाला आतल्या आत तापतो आणि तिथूनच सडायला लागतो. मुळांना ओली माती असलेली पेंडी घरी नेताना त्रास देते, पण टिकते.

भावाचं माझं मत सरळ आहे. ढीग लावून बसलेल्या व्यापाऱ्याशी खुशाल घासाघीस करा. तीन जिन्नस घेऊन बसलेल्या बाईशी पाच रुपयांसाठी हुज्जत घालू नका, 'वर काय घालणार?' एवढंच विचारा. कढीपत्त्याची काडी, मूठभर मिरच्या, एखादं लिंबू पडतं पिशवीत. आणि भवानी, म्हणजे दिवसातली पहिली विक्री, व्हायच्या आधी भाव पाडायला लावून काहीच न घेता निघून जाणं बरं दिसत नाही. सकाळी लवकर जाणार असाल तर थोडं तरी घ्याच. संध्याकाळी एसटी गाठायची घाई असते तेव्हा उरलेले वाटे स्वस्तात निघतात, पण तो माल त्याच रात्री शिजवायचा.

दुसऱ्या फेरीत खरेदी करताना क्रम पाळा: आधी कांदा-बटाटा, मग वांगी-दोडका-ढबू, मग पालेभाजी, टोमॅटो सगळ्यात शेवटी. जाताजाता गूळ घ्यायचा झाला तर पिवळाधमक खडा बघून भुलू नका, जरा तांबूस, काळपटाकडं झुकणारा मागा. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, पण दुकानात मानांकन नाही, गूळ चाखायचा असतो. बोटभर तुकडा मागितला तर देतात.

घरी आल्यावर काही धुऊ नका. मेथी त्याच दिवशी निवडून कागदात गुंडाळा. भेंडी कोरडी पुसून ठेवा. कोथिंबिरीची मुळं कापू नका, पेल्यात पाणी घालून उभी करा. टोमॅटो फ्रिजबाहेर राहू द्यात. ढाळे कसे साठवायचे ते मला विचारू नका, आमच्याकडं ते अजून घरापर्यंत पोचलेले नाहीत.